कोळंबीचं टरफल आणि केळीचं पान

पनवेल तालुक्यातल्या तळोजा औद्योगिक वसाहतीत मासळीवर प्रक्रिया करणारे कारखाने आहेत. कोळंबी सोलली जाते, गोठवली जाते, बाहेर पाठवली जाते आणि टरफलं मागे उरतात. त्या टरफलांत कायटिन असतं. त्यावर कॉस्टिकची कडक प्रक्रिया केली की कायटोसान मिळतं. समुद्री शेवाळातलं अल्जिनेट, जनावरांच्या कातडीतलं आणि स्नायुबंधांतलं कोलॅजन, ते शिजवून होणारं जिलेटिन, आपल्या सांध्यांत आणि डोळ्यांत असलेलं हायलुरॉनिक आम्ल हे सगळे याच जातीचे पदार्थ : निसर्गानं घडवलेल्या लांबलचक रेणूंच्या साखळ्या. पाण्यात या साखळ्या एकमेकींना बांधल्या की हायड्रोजेल तयार होतं. त्यात बहुतेक पाणीच असतं, तरी ते आकार धरून राहतं. जिथे त्वचा, चरबी, स्नायू यांसारखी मऊ ऊती नष्ट झाली आहे तिथे असं जेल ठेवायचं, त्यात पेशींना बस्तान बसवू द्यायचं आणि शरीराकडूनच नवी ऊती बांधून घ्यायची, असा हा सगळा उद्योग आहे.

माझी मुलगी मुंबईत या विषयावर संशोधन करते. माझी धाकटी बहीण मुंबईतल्या एका मोठ्या रुग्णालयाच्या जळीत वॉर्डात सिस्टर होती आणि आता निवृत्त होऊन जुन्या पनवेलात आमच्याकडे राहते. एकीनं आयुष्यभर जखमा उघडल्या आणि बांधल्या, दुसरी जखम भरून काढणारा पदार्थ घडवते आहे. दोघींचं पटत नाही. एका रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर त्यांचं जे बोलणं झालं ते मला लिहून ठेवावंसं वाटलं, कारण या विषयावरच्या पुष्कळ लेखांत पहिल्या बाजूचं कुणी बोलतच नाही.

आत्या : तुझं जेल नक्की कुणासाठी आहे, ते आधी सांग.

लेक : भाजलेल्यांसाठी, मधुमेहात पायाला होणाऱ्या जखमांसाठी. पुढेमागे स्तनाच्या कॅन्सरच्या ऑपरेशननंतर जी पोकळी राहते ती भरण्यासाठीसुद्धा.

आत्या : एवढ्या सगळ्यांसाठी एकच गोष्ट? औषधाच्या गुणांची यादी लांबायला लागली की मला धास्ती वाटते. भाजलेल्यांपासून सुरू कर. तिथलं मला कळतं.

लेक : चालेल. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्यानुसार भारतात दरवर्षी दहा लाखांवर माणसं मध्यम किंवा गंभीर स्वरूपात भाजतात. त्यांच्या जखमेवर आपण अजूनही बहुतेक ठिकाणी काय लावतो? मलम आणि गॉझ.

आत्या : ते तू मला नको सांगूस. गॉझ वाळतो आणि जखमेला धरतो. मग सलाइन ओतायचं, भिजू द्यायचं, चिमट्यानं एक कोपरा उचलायचा आणि कातडीला लागून, आडवा ओढत न्यायचा. घाईत उभा ओढला तर काल आलेली गुलाबी त्वचा गॉझबरोबर निघते आणि ठिपक्याठिपक्यांनी रक्त येतं. ज्या वॉर्डात एका पाळीला दोन सिस्टर आणि पंचवीस पेशंट, तिथे भिजायला वेळ कोण देणार? ड्रेसिंगची ट्रॉली दाराशी आली, की पोरं रडायला लागायची. ट्रॉलीच्या चाकांना तेल घालून आवाज बंद केला होता मी, तरी त्यांना कळायचं.

लेक : म्हणूनच जेल. जॉर्ज विंटर यांनी १९६२ मध्ये डुकरांवर प्रयोग करून दाखवलं, की जखम वाळू दिली तर वरची त्वचा सावकाश येते आणि ओलसर ठेवली तर जवळपास दुप्पट वेगानं येते. त्याआधी सगळीकडे खपली धरू द्या, हवा लागू द्या असंच चालायचं. जेल पाणी धरून ठेवतं, जखमेला चिकटत नाही, थंडावा देतं. ते काढताना नवी त्वचा ओरबाडली जात नाही.

आत्या : एवढंच हवं असेल तर ते आपल्याकडे फार आधी झालंय. वाडिया बाल रुग्णालयात डॉ. मनोहर केसवानी बटाट्याच्या साली उकडून, पट्टीवर बसवून, निर्जंतुक करून पोरांच्या भाजलेल्या अंगावर लावायचे. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. त्यांचा शोधनिबंधसुद्धा आहे. नंतर सायन रुग्णालयात डॉ. माधुरी गोरे यांनी केळीचं पान आणलं. कोवळं, मेणचट पान कापडी पट्टीवर चिकटवायचं, ऑटोक्लेव्ह करायचं आणि सरळ जखमेवर. पान चिकटत नाही, काढताना दुखत नाही, खालची जखम ओली राहते. बटाट्याच्या सालीपेक्षा बनवायला सोपं आणि कितीतरी स्वस्त. २००३ मध्ये तेही छापून आलं. केळ तर आपल्या परसात आहे.

इथे मला मध्ये बोलावंसं वाटतं. या दोन गोष्टी मुंबईत घडल्या, महापालिकेच्या आणि धर्मादाय रुग्णालयांच्या तोकड्या पैशांत घडल्या आणि जगातल्या जळीत-उपचारांच्या नियतकालिकात त्यांची दखल घेतली गेली. तरीही मराठीत त्याबद्दल फार लिहिलेलं मला आढळत नाही. पनवेलला आयुर्वेदाची मोठी परंपरा आहे. धूतपापेश्वर ही औषधनिर्मिती संस्था इथे १८७२ पासून आहे आणि सुश्रुतानं व्रणाचे साठ उपक्रम सांगितले हे इथल्या वैद्यांना पाठ असतं. त्या परंपरेचा अभिमान आपण सांगतो, पण केसवानी आणि गोरे यांचं काम हे तिच्याइतकंच आपलं आहे. पान चांगलं की व्हॅसलिनचा गॉझ, हे त्यांनी श्रद्धेवर सोडलं नाही. पेशंटला किती दुखलं ते विचारलं, नोंदवलं, तुलना केली.

लेक : पान मला मान्य आहे, आत्या. पण पान झाकतं, बांधत नाही. वरवरचं भाजलं असेल तर केसांच्या मुळांशी आणि घामाच्या ग्रंथींशी पेशी शिल्लक असतात, त्या वर येऊन त्वचा पूर्ण करतात. पान असो, बटाट्याची साल असो, माझं जेल असो, तिथे काम पेशीच करतात. खोल भाजल्यावर त्या पेशीच उरत नाहीत. खालचा जाड थर, म्हणजे अंतस्त्वचा, तो पूर्ण जातो. तो शरीर पुन्हा जसाच्या तसा बनवत नाही. वण बनवतं, आणि तो वण आखडतो.

आत्या : मान छातीला चिकटते, कोपर दुमडलेलं राहतं. पाहिलंय.

लेक : तिथे पेशींना चढायला काहीतरी द्यावं लागतं. १९८१ मध्ये अमेरिकेत यानास नावाचे अभियंता आणि बर्क नावाचे सर्जन यांनी गाईच्या स्नायुबंधातलं कोलॅजन आणि शार्कच्या कूर्चेतला एक पदार्थ मिसळून सच्छिद्र थर केला, वर सिलिकॉनचं पातळ पटल. पेशी त्या छिद्रांत शिरल्या, रक्तवाहिन्या शिरल्या, आणि वणाऐवजी अंतस्त्वचेसारखं काहीतरी तयार झालं. १९९६ मध्ये त्याला अमेरिकेत मान्यता मिळाली. जेलनं पुढची पायरी गाठता येते : ते सुईतून भरता येतं, वेड्यावाकड्या पोकळीत बसतं आणि त्यात पेशी आधीच मिसळून देता येतात.

आत्या : आणि ती शार्कची वस्तू आमच्या वॉर्डात किती पेशंटना लागली? ज्यांच्याकडे पैसे होते त्यांना. बाकीच्यांना त्यांच्याच मांडीची कातडी. मांडीही जळली असेल तर? त्यावर उत्तर आहे आपल्याकडे. सायनला २००० सालापासून त्वचापेढी आहे, देशातली पहिली. ऐरोलीला नॅशनल बर्न्स सेंटरमध्ये आहे, पनवेलहून तासाभराच्या वाटेवर. माणूस गेल्यावर सहा तासांच्या आत फोन केला की टीम घरी येते, मांड्या, पाय, पाठ यांवरचा अगदी पातळ थर घेते. रक्तगट जुळवावा लागत नाही. ती त्वचा ग्लिसरॉलमध्ये, फ्रिजच्या तापमानात, काही वर्षं टिकते. त्यासाठी नवं विज्ञान नको. फक्त त्या सहा तासांत घरातल्या कुणाला तरी आठवलं पाहिजे.

लेक : ती त्वचा कायमची नसते. दोनतीन आठवड्यांत शरीर ती नाकारतं.

आत्या : त्या दोनतीन आठवड्यांतच तर माणूस मरतो, पोरी. पाणी झिरपून, जंतू शिरून. तेवढे दिवस कुणाच्या तरी आजोबांची त्वचा अंगावर राहिली तर तो वाचतो. टाटा रुग्णालयाच्या ऊतीपेढीचंही तसंच, १९८८ पासून. बाळंतिणीच्या परवानगीनं गर्भावरण घेतात, रोगांच्या तपासण्या करतात, वाळवतात आणि गॅमा किरणांनी निर्जंतुक करतात. वारेबरोबर फेकून द्यायची गोष्ट. तुमच्या प्रयोगशाळेला मिळणारे पैसे या पेढ्यांच्या फोनवर बसणाऱ्या माणसांना मिळाले असते तर आत्ता, या वर्षी माणसं वाचली असती.

हा मुद्दा बिनतोड आहे असं माझं मत आहे, आणि मुलीनंही तो परतवला नाही. जळिताच्या पहिल्या पंधरवड्यात जेलचं काम पेढीतली त्वचा आजही जास्त चांगलं करते. मुलीचं म्हणणं वेगळ्या ठिकाणी सुरू होतं, आणि ते समजावायला ती स्वयंपाकघरातून एक वाडगं घेऊन आली. तिच्याकडे अल्जिनेटचं पातळ द्रावण होतं, आणि वाडग्यात कॅल्शियम लॅक्टेट विरघळवलेलं पाणी. ड्रॉपरमधून एक थेंब पडला आणि बुडता बुडता गोल मणी झाला. दुसरा, तिसरा. आत्यानं एक उचलून चिमटीत दाबला. बाहेर पातळ कवच, आत अजून द्रव, मणी फुटला. पाच मिनिटं राहू दिलेला दाबला तर तो फुटला नाही, चेपला आणि पुन्हा उठला.

लेक : सोडियम निघून कॅल्शियम आत जातो आणि साखळ्यांना बांधतो. जितका वेळ, तितका घट्ट. आता गंमत इथे आहे. पेशींना हा घट्टपणा कळतो. २००६ मध्ये पेनसिल्व्हेनियात अँगलर, डिशर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एकाच प्रकारच्या मूळपेशी वेगवेगळ्या घट्टपणाच्या जेलवर ठेवल्या. खाद्य तेच. एक किलोपास्कलच्या आतल्या अगदी मऊ जेलवर त्या मज्जापेशींसारख्या फांद्या काढायला लागल्या, दहाच्या आसपास स्नायूंच्या वळणावर गेल्या आणि तीसच्या आसपास हाडाच्या. औषध काही दिलं नव्हतं, फक्त गादी बदलली होती. पान हे करू शकत नाही. पेढीतली त्वचाही नाही. मी जखमेला सांगू शकते की इथे वण नको, इथे चरबी हवी.

आत्या : सांगू शकतेस की सांगून पाहतेस?

लेक : सांगून पाहते.

आत्या : हं. मग हे काढायचं कधी? आत राहणार ना ते?

लेक : काढायचं नाही. शरीरानं ते विरघळवायचं. कोलॅजन आपल्या शरीरातली विकरं खातात. कायटोसानला लायसोझाइम तोडतं, जे अश्रूंत आणि जखमेच्या पाण्यात असतंच. अल्जिनेटची अडचण आहे, ते तोडणारं विकर माणसाकडे नाही. कॅल्शियम हळूहळू निघून जातो आणि ते सैल पडतं, एवढंच. शिवाय पेशींना अल्जिनेट धरताच येत नाही, त्याला पेशी पकडतील असे प्रथिनांचे तुकडे रासायनिक रीतीनं जोडावे लागतात.

आत्या : म्हणजे स्लॅबच्या सेंट्रिंगसारखं. पनवेलात रोज बघतोय आपण. आधी काढलं तर स्लॅब कोसळतो, ठेवूनच दिलं तर खाली राहायला जाता येत नाही. आणि मधुमेहाच्या पायात काय होतं माहितीये? तिथे जखमेचं पाणीच सगळं खाऊन टाकतं. कोलॅजनची पावडर टाकून दोन दिवसांनी पाहिलं तर पत्ता नसायचा.

लेक : बरोबर, तिथे प्रथिनं कुरतडणारी विकरं प्रमाणाबाहेर असतात. निरोगी उंदराच्या पाठीवर वीस दिवस टिकणारं जेल त्या पायात किती टिकेल, हे उंदराला विचारून कळत नाही. म्हणून आम्ही दोन पदार्थ मिसळतो. माझं जेल कायटोसान आणि जिलेटिनचं आहे, त्यात ग्लिसरोफॉस्फेट. कॅनडातल्या संशोधकांनी २००० मध्ये दाखवलेली युक्ती. थंड असताना पातळ, अंगाच्या उष्णतेला आलं की थिजतं.

तिनं फ्रिजमधून आणलेली छोटी बाटली आत्याच्या मुठीत दिली. आत्या बोलत राहिली, आणि काही वेळानं मूठ उघडली तेव्हा आतलं पाणी दुधी झालं होतं. बाटली उलटी केली तरी हललं नाही.

आत्या : चांगलं आहे. पण हे पांढरं का?

लेक : थिजताना साखळ्या जवळ येतात, प्रकाश विखुरतो. त्यानं बिघडत नाही काही.

आत्या : सगळं बिघडतं. जखम मला दिसली पाहिजे. स्युडोमोनास शिरला की पाणी हिरवट होतं, गोडसर वास येतो. रिपोर्ट यायच्या दोन दिवस आधी सिस्टरला ते कळतं. तू वरून पांढरं झाकण घातलंस तर मी काय बघू? आणि भाजलेली जखम पहिल्या आठवड्यात इतकी झिरपते की चादर बदलावी लागते. तुझ्या जेलमध्ये आधीच पाणी भरलेलं. ते आणखी काय शोषणार? खाली डबकं साचेल आणि कडेची चांगली कातडी पांढरी पडून कुजेल.

मुलगी इथे बराच वेळ गप्प राहिली. शोधनिबंधांत पेशी किती जगल्या, जेल किती फुगलं, किती ताणलं गेलं याचे आलेख असतात. ड्रेसिंग उचलणाऱ्या माणसाला खालचा रंग दिसतो का, याचा आलेख मी तरी पाहिलेला नाही. प्रयोगशाळेतली आणि वॉर्डातली माणसं एकाच शहरात, कधीकधी एकाच रस्त्यावर काम करतात आणि एकमेकांच्या टेबलापाशी पोचत नाहीत. मला या सगळ्यात सर्वांत जास्त खटकतं ते हे.

आत्या : आणखी एक. पोकळी भरणार म्हणालीस. किती खोल?

लेक : तीच खरी भिंत आहे. पेशी जिवंत राहायला केशवाहिनीपासून फार तर शंभर ते दोनशे मायक्रोमीटरवर असावी लागते, म्हणजे मिलिमीटरचा पाचवा हिस्सा. त्यापलीकडे प्राणवायू झिरपत पोचत नाही. जेलचा दोन सेंटिमीटरचा गोळा भरला तर मधल्या पेशी रक्तवाहिनी पोचायच्या आधीच मरतात. जगभर यावरच डोकं आपटणं चाललंय.

आत्या : मग जाड गोष्टी कशाला सांगता लोकांना? पातळ आहे तेवढं आधी नीट करा. स्वीडनमधल्या त्या सर्जनचं वाचलं होतं ना आपण पेपरात? कृत्रिम श्वासनलिका बसवल्या, जगभर कौतुक झालं आणि पेशंट गेले.

लेक : माकियारिनी. २०११ मध्ये पहिली बसवली, २०२३ मध्ये तिथल्या अपील न्यायालयानं त्याला अडीच वर्षांची शिक्षा दिली. ते प्लास्टिक होतं, जेल नव्हतं. पण तुझा मुद्दा तोच आहे, हे मला कळतंय. प्राण्यांवर सिद्ध न करता माणसावर गेला तो.

माझ्या मते त्या दुपारच्या बोलण्याचा गाभा इथे होता. मऊ ऊती बांधण्याचं शास्त्र जिथे पातळ आहे तिथे आज खरं आहे : त्वचा, डोळ्यावरचं पारदर्शक पटल, जखमेची भुई. जिथे जाड आहे तिथे ते अजून प्रयोग आहे. दोन्ही एकाच वाक्यात सांगणं हे पेशंटच्या आशेशी खेळणं आहे.

मग मी एक शंका विचारली, जी मला तळोज्याच्या बाजूनं जाताना नेहमी येते. नैसर्गिक पदार्थ म्हणून जेलचं एवढं कौतुक होतं, पण टरफलापासून कायटोसान करायला आधी आम्ल लागतं, चुना काढायला. मग कॉस्टिक, प्रथिनं काढायला. मग पुन्हा गरम आणि तीव्र कॉस्टिक, जवळजवळ निम्म्या ताकदीचं. हे सगळं धुऊन जाणार कुठे? कासाडी नदीनं आधीच पुष्कळ सोसलं आहे. २०१७ च्या ऑगस्टमध्ये तळोज्यात रस्त्यावरची कुत्री निळी झालेली सगळ्या देशानं पाहिली, रंगाच्या कारखान्याच्या सांडपाण्यानं.

लेक : बाबा, नैसर्गिक म्हणजे निर्मळ असं मी कधीच म्हणत नाही. या पदार्थांचं मोल एवढंच, की शरीर त्यांना ओळखतं आणि पचवतं. बाकी सगळ्या बाबतींत ते त्रासदायक आहेत. पावसाळ्यानंतरच्या कोळंबीचं टरफल आणि उन्हाळ्यातलं, यांच्यापासून मिळणारं कायटोसान सारखं नसतं. साखळीची लांबी बदलते, जेल थिजायचा वेळ बदलतो. टरफलातलं प्रथिन जरा जरी राहिलं तर कोळंबीची ॲलर्जी असलेल्याला धोका. जंतू मेले तरी त्यांच्या भिंतीचं विष मागे राहतं आणि ताप आणतं, ते मोजून ठरलेल्या मर्यादेखाली आणावं लागतं. तळोज्यात टरफलं ढिगानं आहेत, पण औषधी प्रतीचं कायटोसान मी परदेशी कंपनीकडून मागवते. ग्रॅमच्या हिशेबात. तो मधला टप्पा आपल्याकडे उभा राहिला, सांडपाण्याच्या नीट व्यवस्थेसह, तर माझ्या जेलपेक्षा ते मोठं काम होईल.

आत्या : आणि जिलेटिन कशाचं? गाईचं की डुकराचं?

लेक : आत्ता डुकराचं.

आत्या : पेशंटला सांगणार?

लेक : सांगावं लागेलच. तिरुअनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेनं डुकराच्या पित्ताशयापासून जखमेवरचं पटल केलंय, २०२३ मध्ये त्याला मान्यता मिळाली. उत्तम काम आहे. म्हणजे शास्त्रापुढे अडचण नाही.

आत्या : शास्त्रापुढे नसेल. माझ्या वॉर्डात मुसलमान बाया होत्या, जैन म्हाताऱ्या होत्या, माळकरी होते. शुद्धीत नसलेल्या माणसाच्या अंगावर काहीही लावता येतं, गं. म्हणूनच शुद्धीवर असलेल्याला विचारायचं असतं. माशाच्या कातडीचं नाही का करता येत?

लेक : येतं. पण थंड समुद्रातल्या माशाचं जिलेटिन साध्या हवेच्या उष्णतेलाही पातळ होतं. उष्ण पाण्यातल्या माशाचं जरा बरं टिकतं. ते करून बघता येईल, मासळी तर इथे आहेच.

आत्या : ते अणुऊर्जावाल्यांचं जेल निघालं होतं ना, पारदर्शक पट्टी?

लेक : भाभा अणुसंशोधन केंद्राचं. त्यातला मुख्य पदार्थ कृत्रिम आहे. गॅमा किरण मारले की साखळ्याही जुळतात आणि जंतूही मरतात, एकाच झटक्यात, कुठलं रसायन न घालता. ट्रॉम्ब्यात वैद्यकीय वस्तू किरणांनी निर्जंतुक करणारं आयसोमेड १९७४ पासून चालू आहे, त्यामुळे सोय हाताशी होती. त्याच किरणांत माझं कायटोसान मात्र तुटतं. साखळ्या आखूड होतात. ते निर्जंतुक कसं करायचं हा माझा रोजचा झगडा आहे.

आत्या : आता पायाचं ऐक. नेऱ्याला शांतिवनात कुष्ठरोगी माणसांचे पाय पाहिलेत मी. तळव्याला भोक. दुखत नाही, म्हणून माणूस त्याच पायावर चालतो आणि भोक हाडापर्यंत जातं. वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड यांनी दाखवून दिलं, की ते मांस रोगानं आपोआप कुजत नाही. संवेदना गेल्यामुळे इजा होत राहते. पायावरचा भार काढला, प्लास्टर घातलं, मऊ रबराची चप्पल दिली की तीच जखम साध्या पट्टीनं भरते. मधुमेहाचंही तेच. देशात दहा कोटींवर मधुमेही आहेत असं तूच सांगतेस. तुझं सोन्याच्या मोलाचं जेल भरून तो माणूस उद्या भाजीची पाटी घेऊन उभा राहिला तर?

लेक : तर जेल चिरडलं जाईल. चाचणीत दोन्ही गटांना चप्पल आणि भार कमी करणं सारखंच द्यावं लागतं, नाहीतर निकालाला अर्थ राहत नाही.

आत्या : चाचणीत द्याल. नंतर?

याला उत्तर मुलीकडे नव्हतं, माझ्याकडेही नाही. ते उत्तर तालुक्याच्या आरोग्य केंद्रात, चपला शिवणाऱ्याकडे आणि रोजंदारी बुडाली तर घर कसं चालेल या हिशेबात आहे. जेलचं संशोधन त्यामुळे फुकट ठरत नाही. पण त्यावर खर्च होणाऱ्या प्रत्येक रुपयाबरोबर चपलेचा रुपया जायला हवा, असं मी ठामपणे म्हणेन.

आत्या : बरं, माणसावर जाणार तेव्हा यश कशाला म्हणणार?

लेक : वैद्यकीय उपकरणांचे २०१७ चे नियम आहेत, त्यात अशा वस्तू वरच्या धोक्याच्या वर्गात येतात. आधी प्राण्यांवर, मग नीतिसमिती, मग परवानगी, मग थोडे रुग्ण. मुख्य मोजमाप म्हणजे अमुक दिवसांत किती टक्के जखम मिटली.

आत्या : दुखणं?

लेक : शून्य ते दहाच्या पट्टीवर विचारतात. दुय्यम मोजमाप म्हणून.

आत्या : दुय्यम! चार वर्षांच्या पोराला विचारून बघ दुय्यम कशाला म्हणतात ते. ड्रेसिंग काढताना किती दुखलं, काढायला किती मिनिटं लागली, किती नवी त्वचा बरोबर आली. हे तीन आकडे पहिल्या पानावर घाल. आणि ते सिस्टरनं लिहायचे, डॉक्टरनं नाही. डॉक्टर राउंडला येतो तेव्हा जखम उघडून ठेवलेली असते.

लेक : घालते. खरंच घालते. सरांना पटवावं लागेल, पण पटेल त्यांना.

आत्या : आणि पांढरेपणाचं काय?

लेक : थर निम्मा पातळ केला तर खालचा रंग दिसतो, ते मी पाहिलंय. पण मग उचलताना फाटतं.

आत्या : आत जाळी घाल. मोठ्या डोळ्यांची. फाटणारही नाही, दिसेलही, आणि वर झिरपणारं पाणी शोषायला साधा पॅड ठेवता येईल.

लेक : गॉझची जाळी नाही चालणार, कापसाचे धागे जखमेत राहतात आणि शरीर ते पचवत नाही.

आत्या : रेशमाची?

लेक : रेशीम चालेल. टाक्यांसाठी वापरतातच. वरचा डिंकासारखा थर सोड्यात उकळून आधी काढून टाकावा लागेल, त्याचा त्रास होतो काहींना. धागा किती जाड लागेल?

आत्या : तीन शून्यच्या टाक्याएवढा आणून दे आधी. गाठी मारून बघते.